भावाच्या हातात पहिला प्रोफेशनल करार आलाय

प्रश्न : माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा आहे. हौशी बॉक्सिंगमध्ये ६७ किलो वजनगटात तो ४१ लढती खेळला, त्यातल्या २९ जिंकला. आता एका प्रमोटरने, म्हणजे लढतींचे शो भरवणाऱ्याने, तीन वर्षांचा करार पुढे ठेवलाय. पहिली लढत पाच आठवड्यांनी, चार फेऱ्यांची, ६१.२ किलोला. समोरचा मुलगा सहाच्या सहा लढती जिंकलेला आहे, त्यातल्या चार नॉकआउटने. भावाचं एरवीचं वजन ६८ किलो असतं. कोच म्हणतात वजन उतरेल, रोज स्पॅरिंग, म्हणजे सरावाच्या लढती, करू. भाऊ सहीला उतावीळ झालाय, आणि वडील म्हणतात यात पोट भरत नाही. घरात कागदपत्रं मीच बघते म्हणून विचारते, सही करू द्यावी का? हे करिअर चालतं तरी किती वर्षं? आणि हो, गेल्या आठवड्यात स्पॅरिंगनंतर दोन दिवस त्याचं डोकं दुखत होतं, पण आता बरा आहे.

उत्तर :

ताई, डोकेदुखीचं तुम्ही जाता जाता लिहिलंय. आम्ही सुरुवात तिथूनच करतो, कारण करार महिनाभर थांबला तरी काही बिघडत नाही, पण डोकेदुखीचं आजच बघायला हवं.

डोक्यावर ठोसे बसल्यानंतर दोन दिवस डोकं दुखत असेल, तर डॉक्टर 'नाही' म्हणेपर्यंत ते कन्कशनच धरून चालायचं, म्हणजे मेंदूला बसलेला धक्का. त्यासाठी माणूस बेशुद्ध पडावा लागत नाही. बहुतेक कन्कशनमध्ये तो शुद्धीवर असतो, चालतो, बोलतो, घरी येऊन जेवतोही. फक्त डोकं जड असतं, उजेड खुपतो, झोप बिघडते, विनाकारण चिडचिड होते. बॉक्सर यातलं काहीच आपणहून सांगत नाही, कारण सांगितलं की स्पॅरिंग बंद होईल हे त्याला ठाऊक असतं. म्हणून तुम्हीच शांतपणे एकेक लक्षण घेऊन विचारा आणि त्याला न्यूरोलॉजिस्टकडे न्या. सीटी किंवा एमआरआय स्वच्छ आला म्हणजे कन्कशन नव्हतंच असं समजू नका. त्या तपासण्यांत रक्तस्राव किंवा हाड मोडलेलं दिसतं, धक्का बहुधा दिसत नाही. आणि पुन्हा कधी डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, गुंगी, आकडी, एका बाजूचा अशक्तपणा किंवा डोळ्यांच्या दोन बाहुल्यांचा वेगवेगळा आकार दिसला, तर सकाळची वाट न बघता थेट इस्पितळ गाठायचं.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरही सराव पायरी पायरीनेच वाढवायचा. आधी चालणं आणि सायकल, मग धावणं आणि दोरी, मग शॅडो, म्हणजे समोर कोणी नसताना हवेत ठोसे, त्यानंतर बॅग आणि पॅड, अगदी शेवटी स्पॅरिंग. प्रत्येक पायरीवर किमान २४ तास थांबायचं आणि लक्षण परतलं तर एक पायरी खाली उतरायचं. डोक्याला पुन्हा मार बसण्याची पायरी महिन्याच्या आत येऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पहिला धक्का भरून यायच्या आत दुसरा बसला, तर एरवी साधा वाटणारा ठोसाही मेंदूला सूज आणून जिवावर बेतू शकतो. आता हिशेब करा. महिनाभर स्पॅरिंग नाही आणि लढत पाच आठवड्यांवर, तेव्हा ही तारीख त्याच्यासाठी नाही. कराराचं पुढे काहीही होवो, ही लढत त्याने घेऊ नये.

खरं तर डोकं दुखलं नसतं तरी या लढतीला आम्ही नकोच म्हटलं असतं. प्रोफेशनल बॉक्सरची बांधणी कशी होते ते आधी सांगतो. पहिल्या तीन-चार लढती चार फेऱ्यांच्या असतात. त्यात समोर असा अनुभवी बॉक्सर ठेवतात, जो सहसा गुणांवर हरतो पण पडत नाही, नवख्याला पूर्ण फेऱ्या खेळायला लावतो आणि चुका दाखवून देतो. इंग्लंडचा पीटर बकली असाच बॉक्सर होता. २००८मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ३०० लढती होत्या आणि त्यातल्या २५६ तो हरला होता. अशा माणसाला दुबळा समजू नका. मार चुकवण्यात तो इतका तयार असतो की शेकडो फेऱ्या खेळूनही पुढच्या आठवड्यात पुन्हा उभा राहतो. त्याच्यासारख्यांकडून शिकून मग नवखा सहा फेऱ्यांकडे जातो, आणि सगळं नीट चाललं तर दीड-दोन वर्षांत आठ फेऱ्यांकडे.

तुमच्या भावाला पहिल्याच लढतीत सहापैकी सहा जिंकलेला, जोरदार ठोशाचा मुलगा दिलाय. तो प्रमोटरचाच बॉक्सर असणार, शोची तिकिटं त्याच्या नावावर विकली जात असणार. आता मॅचमेकरच्या, म्हणजे लढतींच्या जोड्या ठरवणाऱ्याच्या, जागी बसून बघा. ४१ हौशी लढतींचा अनुभव असलेला पोरगा आपल्या नेहमीच्या वजनाला या मुलाला जड गेला असता. तोच पोरगा सात किलो उतरवून, कमी मुदतीत आणला, तर त्याचं नाव पोस्टरवर चांगलं दिसतं आणि पाय मात्र तिसऱ्या फेरीपर्यंत टिकत नाहीत. प्रमोटरच्या मनात काय आहे ते पत्रावरून कळत नाही, पण मांडणी घरच्या बॉक्सरला विजय मिळवून देण्याची दिसते. पडताळायचं असेल तर 'बॉक्सरेक' या नोंदस्थळावर त्या मुलाचे सहा प्रतिस्पर्धी काढा. ते कोणत्या वजनाला खेळत आले होते, किती दिवसांच्या अंतराने खेळले, आधीच्या लढतीत नॉकआउट झाले होते का, हे बघा. अर्ध्या तासात चित्र स्पष्ट होईल.

वजनाचं गणितही कागदावर मांडू. हौशी स्पर्धेत वजन लढतीच्याच दिवशी सकाळी होतं, म्हणून तो ६८चा ६७ करून खेळत आला. प्रोफेशनलमध्ये वजन साधारण आदल्या दिवशी होतं, मध्ये २४ ते ३० तास मिळतात, त्यामुळे थोडं जास्त उतरवता येतं. पण किती? स्नायू आणि ताकद राखून आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का चरबी कमी होऊ शकते. ६८ किलोच्या आणि आधीच तयारीत असलेल्या मुलाला अर्धा किलो धरा, म्हणजे पाच आठवड्यांत अडीच किलो. शेवटचे तीन दिवस तंतुमय पदार्थ कमी केले की आतड्यातलं अर्धा-पाऊण किलो जातं. पाण्याचे दीड-दोन किलो, म्हणजे दोन-तीन टक्के, नीट देखरेखीत उतरवता येतात. बेरीज होते पाच किलोच्या आसपास. ६३.५ किलोचा वरचा वजनगट गाठता येतो, तेही काठावर. ६१.२साठी आणखी दोन किलो पाणी काढावं लागेल, एकूण चार, म्हणजे शरीराच्या सहा टक्के. एवढं पाणी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी तजेलदार दिसतो, पण भरून आलेला नसतो. पायात गोळे येतात, प्रतिक्षिप्त हालचाल मंदावते आणि जे ठोसे एरवी चुकवले असते ते डोक्यावर बसतात.

'डब्ल्यूबीसी' या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा नियम ताडून पाहायला उपयोगी आहे. त्यांच्या विजेतेपदाच्या लढतीसाठी ३० दिवस आधी वजन मर्यादेपेक्षा १० टक्क्यांहून आणि ७ दिवस आधी ५ टक्क्यांहून जास्त चालत नाही. ६१.२साठी हे आकडे ६७.३ आणि ६४.३ येतात. तुमचा भाऊ सुरक्षित गतीने उतरला तर लढतीच्या आठवडाभर आधी ६६च्या आसपास असेल. जागतिक विजेत्यालाही जिथे थांबवलं जातं, तिथे नवख्याने का जावं?

पहिल्या लढतीसाठी कॅचवेट मागा, ६५ किलो. चार फेऱ्यांच्या लढतीत दोन्ही बाजूंनी ठरवलेलं वजन सर्रास चालतं. पुढे आठ-दहा आठवड्यांची सवड असेल तेव्हा ६३.५ त्याला शोभेल. रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्या-पिण्याआधी, एकाच काट्यावर वजन घ्यायचं आणि वहीत लिहायचं. हे काम तुम्ही घ्या. प्रथिनं दर किलोमागे दोन ग्रॅम, म्हणजे दिवसाला १३० ते १४० ग्रॅम. वजन झाल्यावर जितके किलो पाणी उतरवलं त्याच्या दीडपट लिटर द्रव, मीठ आणि साखर असलेला, घोटाघोटाने चार-सहा तासांत. एकदम ढोसलं तर पोट फुगतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. सोबत सहज पचणारी कर्बोदकं, दर किलोमागे पाच ते सात ग्रॅम. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांना हात लावू देऊ नका, त्या उत्तेजक द्रव्यांच्या बंदी यादीत कायम असतात. शिरेतून सलाइन घेण्यावरही मर्यादा आहे. 'वाडा' या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या नियमानुसार इस्पितळातले उपचार वगळता १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाइन चालत नाही.

आता करार. तीन वर्षं हा आकडा वाईट नाही, त्याच्या आत काय लिहिलंय ते महत्त्वाचं. पहिल्यांदा शोधा : वर्षाला किमान किती लढती? हा आकडाच नसेल तर प्रमोटर त्याला वर्षभर घरी बसवू शकतो आणि भाऊ दुसरीकडे खेळूही शकत नाही. पहिल्या वर्षी चार लढती लिहून घ्या, आणि सहा महिन्यांत एकही मिळाली नाही तर करार आपोआप संपेल असं कलम घाला. मुदतवाढीची कलमं सावकाश वाचा. दुखापतीचा काळ मुदतीत मिळवला जातो का, आणि किताब जिंकल्यावर करार आपसूक आणखी काही वर्षं लांबतो का? दुसऱ्या प्रकारचं कलम फार महागात पडतं, कारण भाव वाढल्यावरच हात बांधले जातात. त्याला मुदतीची मर्यादा घाला आणि त्या काळासाठी किमान रक्कम वेगळी ठरवा. चार, सहा, आठ, दहा फेऱ्यांची किमान रक्कमही आजच लिहिलेली हवी. परवाना, रक्ततपासणी, मेंदूचा एमआरआय, डोळ्यांची तपासणी, दोन माणसांचा प्रवास आणि मुक्काम हा खर्च कोणाचा? लढत रद्द झाली तर तयारीचा खर्च कोण भरतो? छोट्या हॉलच्या शोमध्ये कधीकधी बॉक्सरने विकलेल्या तिकिटांवरच त्याचे पैसे ठरतात. तसं असेल तर न विकलेली तिकिटं त्याच्या माथी मारली जाणार नाहीत, हे स्पष्ट लिहून घ्या.

प्रतिस्पर्धी जास्त वजनाचा आला तर काय, हेही हवं. युक्रेनचा वासिल लोमाचेन्को हौशी बॉक्सिंगमध्ये ३९६ लढती जिंकून फक्त एक हरला होता. मार्च २०१४मध्ये, दुसऱ्याच प्रोफेशनल लढतीत, तो ओर्लांडो सालिदोकडून पंचांच्या विभागलेल्या निकालात हरला. सालिदो मर्यादेपेक्षा किलोभर जास्त वजनाचा आला होता आणि काट्यावरच किताब गमावून बसला होता, तरी लढत झाली आणि पराभव लोमाचेन्कोच्या नावावर लागला. करारात लिहा : समोरचा ठराविक मर्यादेपेक्षा जड आला तर दंडाची रक्कम आमच्या बॉक्सरला मिळेल, आणि लढायचं की नाही हे आमची बाजू ठरवेल, न लढल्यास तयारीचा खर्च मिळेल.

मॅनेजर कोण, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा अजून कोणी नाही, किंवा प्रमोटरनेच 'मी बघतो' म्हटलंय. तसं होऊ देऊ नका. प्रमोटरचा फायदा बॉक्सरला कमी पैसे देण्यात असतो आणि मॅनेजरचं काम त्याला जास्त मिळवून देण्याचं, मग एकच माणूस दोन्ही कसं करणार? अमेरिकेत २०००मध्ये मुहम्मद अलींच्या नावाने झालेल्या कायद्याने मोठ्या लढतींमध्ये या दोन भूमिका वेगळ्या ठेवणं बंधनकारक केलं, ते याच कारणाने. तुमच्याकडे असा कायदा असो वा नसो, तत्त्व पाळा. करार भाऊ घरी आणेल, वकील वाचेल, सही त्यानंतर, आणि सही झालेली प्रत तुमच्या कपाटात.

वडिलांचं म्हणणं सुरुवातीच्या वर्षांपुरतं खरं आहे, त्यांना तसं सांगा. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मॅनेजरचा वाटा एक तृतीयांशापर्यंत जाऊ शकतो, कोचचा साधारण दहा टक्के, कटमनचा, म्हणजे लढतीत जखमा सांभाळणाऱ्याचा, दोन-तीन. म्हणजे शंभरातले पंचेचाळीस इथेच गेले. वर कर आणि सरावाचा खर्च. चार-सहा फेऱ्यांच्या पैशांत घर चालत नाही, म्हणून पहिली दोन-तीन वर्षं नोकरी किंवा शिक्षण चालू ठेवायचं आणि सराव सकाळ-संध्याकाळ बसवायचा. मॅनेजरचे टक्के लहान लढतींवर घेऊ नयेत, किंवा ठराविक रकमेच्या वर गेल्यावरच घ्यावेत, असं मागून बघा. चांगले मॅनेजर मान्य करतात.

रोजच्या स्पॅरिंगबद्दल कोचशी स्पष्ट बोलायला हवं. बॉक्सरच्या डोक्याला बसणाऱ्या ठोशांपैकी बहुतेक लढतीत बसत नाहीत, जिममध्ये बसतात, कारण लढतीच्या चार फेऱ्यांसाठी तो शंभरेक फेऱ्या स्पॅरिंग करतो. चार फेऱ्यांच्या लढतीच्या तयारीत आठवड्याला दोन दिवस पुरेसे आहेत, चार ते सहा फेऱ्या, १६ औंसांचे ग्लोव्ह्ज. त्यातला एक दिवस फक्त जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) किंवा फक्त अंगावरचे ठोसे, असा बंधनाचा. जोडीदार वजनाने पाच किलोच्या आतबाहेर असावा. शेवटचं जोरदार स्पॅरिंग लढतीच्या दहा दिवस आधी, त्यानंतर वेग आणि पॅड. हेडगार्डने भुवई फुटत नाही, पण डोकं गरकन फिरल्याने मेंदूला बसणारा हिसका त्याने थांबत नाही.

हौशीतून येणाऱ्याला अजून दोन गोष्टी जड जातात. या वजनाला प्रोफेशनल लढतीत ग्लोव्ह्ज ८ औंसांचे असतात, हौशीतल्या १० किंवा १२च्या मानाने पातळ. त्यामुळे गार्डवर, म्हणजे आडव्या धरलेल्या हातांवर, घेतलेला ठोसाही आत शिरतो आणि स्वतःचा हातही लवकर मोडतो. ग्लोव्ह्जच्या आत हाताला बांधायचं बँडेज गॉज आणि टेपचं असतं, सराव झाल्याशिवाय ते नीट जमत नाही, म्हणून लढतीआधी तीन-चार स्पॅरिंगना तसंच बांधून घ्यायचं. मनगट आणि अंगठ्याचा सांधा घट्ट, मुठीच्या हाडांवर गॉजची गादी, पण टेप नाही. आणि समोरच्याचे हात बांधले जाताना आपला एक माणूस तिथे उभा हवाच. जानेवारी २००९मध्ये आन्तोनिओ मार्गारितोच्या बँडेजमधले प्लॅस्टरसारखे कडक तुकडे लढतीआधी सापडले, ते त्याचा प्रतिस्पर्धी शेन मोस्लीचा कोच नझीम रिचर्डसन तिथे उभा राहून बारकाईने बघत होता म्हणून.

किती वर्षं, हे तुम्ही विचारलंत. विशीच्या सुरुवातीला आलेला, दुखापती सांभाळलेला बॉक्सर तिशीच्या मध्यापर्यंत जातो. अमेरिकेचा बर्नार्ड हॉपकिन्स १९८८मध्ये पहिलीच लढत हरला आणि २०११मध्ये ४६व्या वर्षी जागतिक विजेता झाला. पण त्याचं वय बघून कोणी हिशेब करू नये, तो अंगाला मार लागू न देणारा विरळा बॉक्सर होता. त्याच्याकडून घ्यायचं ते एवढंच, की एक गुणांवरची हार करिअर संपवत नाही. नॉकआउटची हार वेगळी. त्यानंतर अनेक ठिकाणी ६० ते ९० दिवस परवाना स्थगित असतो, आणि ते दिवस जिममधल्या स्पॅरिंगलाही लागू धरायचे.

भाऊ पूर्ण बरा झाल्यावर त्याची मूळ स्थिती नोंदवून ठेवा. डॉक्टरांकडून स्मरणशक्तीची आणि तोल सांभाळण्याची चाचणी, एमआरआय, बाहुली मोठी करून केलेली डोळ्यांची तपासणी. १९८२मध्ये अमेरिकन बॉक्सर शुगर रे लेनर्डचा दृष्टिपटल सुटल्याचं उघड झालं आणि शस्त्रक्रिया करावी लागली, इतका हा धोका खरा आहे. शिवाय दरवर्षी त्याच तारखेला दोन मिनिटं बोलतानाचा व्हिडिओ काढा. बोलणं जड होत चाललंय का, हे रोज बघणाऱ्याला कळत नाही, दोन वर्षांचे व्हिडिओ शेजारी ठेवले की कळतं.

कधी थांबायचं तेही आजच ठरवा. ज्या जोडीदारांचा ठोसा पूर्वी लागत नव्हता त्यांचा लागू लागला, एका वर्षात दोनदा नॉकआउट झाला, किंवा वार्षिक चाचणीत घसरण दिसली, यातलं एकही झालं तर थांबायचं, आणि डॉक्टरांचा शब्द शेवटचा. हे कोचसमोर लिहून त्याची सही घ्या. आत्ता तो तुमचं ऐकेल. हरलेल्या रात्री हाच विषय काढलात तर त्याला फक्त परतफेडीची लढत दिसत असेल.